पहिला सोशल प्रोजेक्ट: वस्तीत जाण्याआधीपासून वस्तू सोपवेपर्यंत

डिझाइन शिकताना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात कधीतरी ‘सोशल’ किंवा ‘सस्टेनेबल’ असं लेबल लावलेला प्रोजेक्ट वाट्याला येतो. एक सेमिस्टर, तिघाचौघांचा गट, शेवटी ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढे सादरीकरण. ज्युरी उरकली की मॉडेल माळ्यावर जातं, पोस्टरची पीडीएफ पोर्टफोलिओत जाते आणि ज्यांच्या नावाने हे सगळं झालं त्यांच्याकडे काहीच जात नाही. हे टाळता येतं, पण शेवटच्या आठवड्यात ठरवून नाही. ज्युरीच्या दुसऱ्या दिवशी ही वस्तू कोणाच्या हातात असेल आणि मोडली तर कोण नीट करेल, हे पहिल्याच आठवड्यात विचारायला हवं. पुढचं सगळं या प्रश्नाला धरून लिहिलं आहे. उदाहरणं बहुतेक पुण्यातल्या कचऱ्याच्या कामाची आणि आपल्या ओळखीच्या हातपंपाची आहेत. तुमचा विषय शेतीचा असो, शाळेचा असो की बांबूचा, क्रम साधारण हाच राहतो.

१. विषय लहान करा, मग अजून लहान करा

‘प्लास्टिकचा प्रश्न’ हा विषय नव्हे. ‘ग्रामीण महिलांचं सक्षमीकरण’ हा तर नव्हेच. चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीतून ओल्या कचऱ्याच्या बादल्या खाली आणताना काय होतं, हा विषय. पावसाळ्यात ढकलगाडीतला पुठ्ठा भिजतो आणि भंगाराच्या दुकानात त्याचा भाव पडतो, हाही विषय. एका वाक्यात कोण, कुठे, केव्हा आणि काय करताना अडतं हे लिहून पाहा. वाक्यात ‘समाज’, ‘लोक’ किंवा ‘जागरूकता’ आलं तर विषय अजून मोठा आहे असं समजा.

‘जागरूकता’ या शब्दापासून नवख्यांनी तर चार हात लांबच राहावं. कचरा वेगळा करा असं सांगणारी पोस्टर्स या राज्यात भरपूर आहेत. अ‍ॅपचंही तेच. ज्या बाईचे दोन्ही हात सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत ओल्या कचऱ्यात असतात, तिने फोन कधी काढायचा, हे आधी सांगा आणि मग स्क्रीन काढायला घ्या.

उत्तर म्हणजे वस्तूच असली पाहिजे असं मात्र धरून चालू नका. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं सभासदांना फोटोचं ओळखपत्र देणं, आणि पुढे महापालिकेनेही ती ओळखपत्रं मानली. गोणी खांद्यावर टाकून पहाटे फिरणाऱ्या बाईला चोर समजून हटकलं जायचं, तिथे हे कार्ड उपयोगी पडलं. कार्ड, फोटो, शिक्का, एवढंच. डिझाइनच्या शाळेत असा प्रोजेक्ट कोणी केला तर ‘फॉर्म एक्स्प्लोरेशन कमी आहे’, म्हणजे आकारांचा शोध कमी पडला, असा शेरा मिळेल. मला विचाराल तर असं ओळखपत्र शंभर सुबक कचरापेट्यांपेक्षा वरचं काम आहे.

२. एकटे जाऊ नका

वस्तीत थेट कॅमेरा घेऊन उतरणं ही सर्वांत वाईट सुरुवात. आधीपासून तिथे काम करणारं कोणीतरी गाठा: संघटना, संस्था, बचत गट, ग्रामपंचायत, नाहीतर शाळेतल्या बाई. पुण्यात कचऱ्याचा विषय असेल तर वर सांगितलेली पंचायत आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. सभासद दारोदार कचरा गोळा करतात, घरांकडून महिन्याचं शुल्क घेतात आणि सुका माल विकून आलेले पैसे त्यांचेच असतात. हा हिशोब समजल्याशिवाय तुम्ही जे काही कराल ते त्यांच्या कमाईच्या आड येऊ शकतं. ‘स्मार्ट’ पेटीने सोसायटीतच बाटल्या वेगळ्या काढून परस्पर रिसायकलरला दिल्या, तर पर्यावरणाचं भलं झालं असं तुम्हाला वाटेल आणि कचरा नेणाऱ्या मावशींच्या गाडीतून दिवसाचा सगळ्यात चांगला माल गेलेला असेल.

हाताने काहीतरी बनवायचं असेल तर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम माहीत करून घ्या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. गावातल्या मुलांनी वेल्डिंग, शेती, वीज, स्वयंपाक अशी खरी कामं करत शिकावं ही तिथली रीत आहे, आणि भारतातली पहिली फॅब लॅबही (संगणकाच्या मदतीने वस्तू बनवण्याची खुली कार्यशाळा) तिथलीच. बांबूचं काम असेल तर मेळघाटातल्या लवादा गावचं संपूर्ण बांबू केंद्र आहे. पण तुमच्या गावात, तुमच्याच मामाच्या ओळखीचा बचत गट असेल तर तोच उत्तम. आठवड्यातून दोनदा जाता येईल असं ठिकाण घ्या. नावाजलेली पण आठ तास लांबची संस्था पहिल्या प्रोजेक्टला झेपत नाही.

पहिलं पत्र अर्ध्या पानाचं आणि मराठीत लिहा. आम्ही कोण, कोणत्या कॉलेजचे, किती आठवडे येणार, कोणत्या वेळी येणार, तुमचा किती वेळ घेणार आणि शेवटी तुमच्याकडे काय ठेवून जाणार. ‘को-क्रिएशन’ वगैरे शब्द घालू नका. पहिल्या भेटीत एक प्रश्न जरूर विचारा: याआधी विद्यार्थी आले होते का, त्यांनी काय केलं आणि ते आता कुठे आहे? उत्तर देताना संस्थेतल्या ताई हसल्या तर वाईट वाटून घेऊ नका. गरज सरो, वैद्य मरो हा अनुभव त्यांनी पुरेसा घेतलेला असतो. एखादं जुनं मॉडेल कोपऱ्यात धूळ खात असेल तर ते बाहेर काढून नीट पाहा. कुठे मोडलं, कुठे गंजलं, कोणता भाग लोकांनी काढून दुसरीकडे वापरला, हे कळणं म्हणजे फुकटात मिळालेला संशोधन अहवालच.

फोटोचं आधीच ठरवा. चेहरा दिसेल असा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि ‘कॉलेजमध्ये दाखवू’ असं सांगून काढलेला इन्स्टाग्रामवर टाकायचा नाही. कामाच्या वेळात कोणाला तासभर बसवून मुलाखत घेतलीत तर तेवढी रोजी द्या. विद्यार्थी आहात म्हणून ही सूट मिळत नाही. समोरची बाई ‘राहू दे बाळा’ म्हणेल, तरीही द्या.

३. आधी पाहा, मग विचारा

पहिले दोन-तीन आठवडे स्केचबुकात उत्तर काढायचं नाही. कठीण आहे, मला माहीत आहे, हात शिवशिवतात. तरी फक्त सोबत फिरा. सकाळी काम सुरू होतं तिथून ते माल विकला जातो तिथपर्यंत. जिना, गेट, स्पीड ब्रेकर, वॉचमन, भंगारवाल्याचा काटा, चहाची टपरी, सगळं. कोणत्या मिनिटाला काय उचललं, काय खाली ठेवलं, कशाला थांबावं लागलं ते लिहा.

वर्गीकरणाच्या ठिकाणी एक अख्खी सकाळ बसा. शेडमध्ये किंवा रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरलेली असते. ढीग मोकळा झाला की हात सुरू होतात: दुधाच्या पिशव्या इकडे, पाण्याच्या बाटल्या तिकडे, पुठ्ठा मागे, काच एका बाजूला. पिशवी कोणत्या प्लास्टिकची हे छापलेल्या चिन्हावरून कोणी वाचत बसत नाही. ती हातात चुरगाळतात. कुरकुर वाजली की एका ढिगात, मऊ लागली की दुसऱ्या. चिप्सच्या पाकिटासारखं चकचकीत आतून-बाहेरून वेगळं असलेलं काही आलं की ते बाजूला पडतं, कारण त्याला भाव नाही. हे सगळं इतक्या चटकन होतं की पहिल्या दिवशी तुम्हाला नियमच सापडणार नाही.

आता इथे ‘सुरक्षेसाठी हातमोजे’ हा विद्यार्थ्यांचा आवडता प्रोजेक्ट ठेवून पाहा. जाड मोजा घातला की चुरगाळून ओळखायची सोय जाते, हात मंदावतो, घामाने कातडी ओली होते आणि तासाभरात मोजे गाडीच्या दांड्याला लटकतात. ‘त्यांना सुरक्षेचं महत्त्व कळत नाही’ असा निष्कर्ष ज्युरीत मांडला जातो तेव्हा वाईट वाटतं. त्यांना महत्त्व कळतं. मोजा त्यांच्या कामाला चालत नाही. ब्रीफ, म्हणजे काय बनवायचं आणि कोणत्या अटींत ते सांगणारा कागद, बदलायला हवं: काच, सुई आणि पॅड हातात यायच्या आधीच कसं वेगळं करता येईल? २०१६ च्या घनकचरा नियमांनी सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. पुण्यात कचरावेचकांनी वर्तमानपत्राच्या पिशव्या बनवून विकल्या, आणि कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीमही चालली. कागद आणि लाल पेन. ठिपका दिसला की तो पुडा कोणी उघडत नाही. वस्तू घरातल्या माणसासाठी होती आणि फायदा शेडमधल्या बाईला झाला, हे लक्षात घ्या. बऱ्याचदा डिझाइन जिथे त्रास दिसतो त्याच्या दोन पायऱ्या अलीकडे करावं लागतं.

विचारण्याची रीतही शिकावी लागते. ‘तुम्हाला काय अडचणी आहेत?’ असं विचारलं की ‘काय सांगायचं’ किंवा थेट सरकार, पाणी, मुलाची नोकरी, असं उत्तर येतं. त्याऐवजी ‘काल पाऊस आला तेव्हा माल कुठे ठेवला?’ असं कालचं, नेमकं विचारा. आणि संबोधनाचं भान ठेवा. वयाने मोठ्या बाईला मावशी, संस्थेतल्या कार्यकर्तीला ताई, मुकादमाला साहेब किंवा दादा, जे तिथे चालतं ते. इंग्रजीत आपसांत चर्चा त्यांच्यासमोर करू नका. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय एवढं सगळ्यांनाच कळतं.

४. ब्रीफ आकड्यांत लिहा

ब्रीफ कसं लिहावं याचं माझं आवडतं उदाहरण डिझाइन कॉलेजातलं नाही. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी अशा: यंत्र हलकं, सहज हलवता येणारं, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालणारं हवं. बाईला फार न थकता आठ तास त्यावर काम करता आलं पाहिजे आणि तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघालं पाहिजे. भारतात बनवून किंमत १५० रुपयांच्या आत हवी. नीट देखभाल केली तर वीस वर्षं चाललं पाहिजे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये.

त्या काळचा एक लाख! तरी बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण अटींचा कागद पाहा. कोण वापरणार, किती वेळ, किती उत्पादन, किती किंमत, किती आयुष्य, दुरुस्तीला किती. ‘युजर-फ्रेंडली’ नाही, ‘इको-फ्रेंडली’ नाही. तुमच्या ढकलगाडीचंही ब्रीफ असंच लिहा: भरलेली असताना एका बाईला चढावर ढकलता यावी, सोसायटीच्या छोट्या गेटमधून आत जावी (गेट टेपने मोजा), साडीचा काठ चाकात जाऊ नये, पंक्चरवाल्याशिवाय चालावी, अमुक रुपयांत बनावी. ‘अमुक’ तिथे खरा आकडा हवा आणि तो संस्थेशी बोलून ठरलेला हवा. एनआयडीने (अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने) १९९७ मध्ये भारतीय माणसांच्या शरीरमापांचा संग्रह प्रसिद्ध केला आहे, तो तुमच्या ग्रंथालयात असेल. तो वापरा, पण त्याचबरोबर तुमच्या गटातल्या आठ-दहा बायकांच्या कोपराची जमिनीपासूनची उंची स्वतः मोजा. दांडा कुठे यायला हवा ते त्यावरून ठरेल.

५. पाचव्या आठवड्यापर्यंत काहीतरी हातात हवं

सुंदर नको, चालणारं हवं. पुठ्ठा, बांबूच्या पट्ट्या, सायकल ट्यूब, जुन्या बादल्या. पहिलं मॉडेल पाहून लोकांना हसू आलं तर बरंच. हसल्यावर माणूस खरं बोलतो. रेंडर दाखवलं तर ‘छान आहे’ एवढंच ऐकायला मिळतं, कारण चकचकीत चित्राला नावं ठेवायला सगळेच संकोचतात.

लोखंडाचं काम कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये करण्याऐवजी शक्यतो वस्तीजवळच्या फॅब्रिकेटरकडे करा. पुढे दुरुस्ती त्याच्याकडेच जाणार आहे. ‘हे असं वाकवायला तुमच्याकडे काय लागेल?’ असं त्यालाच विचारा. त्याच्याकडे फक्त वेल्डिंग मशीन, कटर आणि ड्रिल असेल तर तुमची लेझर-कट कमान तिथेच संपली. चौकोनी पाइप, पट्टी, अँगल यांच्यात बसेल असं काढा. बेअरिंग लागणार असेल तर तालुक्याच्या गावी मिळणारं घ्या. पंख्यात येतं ते ६२०२ नंबरचं कुठेही मिळतं, कॅटलॉगमधून मागवलेलं देखणं चाक मिळत नाही.

६. हातपंपाकडून शिकायचं ते

इथे जरा थांबतो, कारण सोशल डिझाइनचा इतका चांगला धडा आपल्याच मातीत आहे आणि डिझाइनच्या वर्गात त्याचं नावही क्वचित निघतं.

स्वातंत्र्यानंतर विंधनविहिरी पडू लागल्या तेव्हा त्यांच्यावर बसवलेले बरेचसे पंप ओतीव लोखंडाचे, युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या घराच्या गरजेपुरत्या पंपांवरून घेतलेले होते. तिकडे एक कुटुंब दिवसातून काही वेळा पाणी काढायचं. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव. पंप मोडायचे आणि मोडलेले तसेच राहायचे. मग जालन्यात मिशनच्या लोकांनी ओतीव लोखंडाऐवजी पोलादाचा पंप बनवला. त्याच वाटेने सोलापुरात एका स्वयंशिक्षित मेकॅनिकने आणखी चांगला पंप घडवला. सोलापूर पंपात हँडलच्या पुढच्या टोकाला गोलाईचा चाप, त्यावरून खाली येणारी साखळी आणि साखळीला पंपाचा दांडा, अशी रचना होती. हँडल कमानीत फिरतं, पण साखळीमुळे दांडा सरळच वर-खाली होतो, वाकडा ओढला जात नाही. टेकूच्या जागी बॉल बेअरिंग. १९७० च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि ‘रिचर्डसन अँड क्रुडास’ या कंपनीने हाच सोलापूर पंप पायाभूत धरून ‘इंडिया मार्क टू’ तयार केला. पुढे तो आफ्रिकेतल्या देशांतही गेला.

त्यावर पेटंट नाही. आराखडे खुले आहेत, भारतीय मानकही आहे, त्यामुळे एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसतो. सामाजिक वस्तूसाठी ही गोष्ट तिच्या दिसण्याहून मोठी आहे. आणि तरीही तो पूर्ण नव्हता: आतलं वॉशर बदलायचं तर खालचे सगळे पाइप वर ओढावे लागत, त्याला माणसं आणि अवजारं लागत, म्हणजे तालुक्याहून पथक यायची वाट पाहणं आलं. म्हणून ‘मार्क थ्री’ आला. त्यात पाइपच रुंद केला, म्हणजे पाइप न काढता आतूनच पिस्टन वर काढता येतो आणि गावातला माणूस वॉशर बदलू शकतो. या सुधारणेने पंप दिसायला तसाच राहिला. प्रदर्शनात ठेवला तर दोन पंपांतला फरक कोणाला सांगता येणार नाही.

याच्या उलट बाजूला दक्षिण आफ्रिकेतला ‘प्लेपंप’. मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळायचं आणि त्या फिरण्याने पाणी वर यायचं. कल्पना इतकी गोड की २००६ मध्ये त्यासाठी अमेरिकेतून कोट्यवधी डॉलर्सची घोषणा झाली. गावात मात्र मुलं खेळून दमल्यावर ते चक्र बायकांनाच फिरवावं लागलं, काही ठिकाणी चालू असलेले हातपंप काढून हे बसवले गेले होते, आणि मोडल्यावर गावात दुरुस्त करता येईना. काही वर्षांत तो कार्यक्रम गुंडाळावा लागला. तुमच्या प्रोजेक्टचं एका वाक्यातलं वर्णन ऐकून ज्युरीतले सगळे एकदम खूश झाले तर प्लेपंप आठवून एकदा गावातल्या बाईला विचारून या.

७. साहित्य निवडताना भंगारवाल्याला विचारा

सस्टेनेबिलिटीचं प्रमाणपत्र मी तरी भंगारवाल्याकडून घेईन. तुमचं मॉडेल त्याच्याकडे घेऊन जा आणि विचारा, हे घ्याल का, किती किलोने घ्याल आणि कसं सोडवाल. तो लगेच सांगेल: लोखंड घेतो, प्लायवूड नको, हे चिकटवलेलं रबर काढून द्या. तुमच्या वस्तूचा शेवट तिथेच होणार आहे, तेव्हा त्याचं ऐका. डिंकाऐवजी नट-बोल्ट, दोन जातींच्या प्लास्टिकऐवजी एकच, लोखंडावर कापड चिकटवण्याऐवजी शिवून चढवलेली खोळ. एक घरगुती चाचणीही आहे: प्लास्टिकचा तुकडा पाण्यात टाका. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. पाण्याच्या बाटलीचं ‘पेट’ (पीईटी) प्लास्टिक आणि पीव्हीसी बुडतात. वितळवताना या दोन गटांची सरमिसळ झाली की माल वाया जातो.

‘निसर्गाला पूरक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साहित्याबद्दल जरा संशय ठेवा. मक्यापासून बनणारं पीएलए हे प्लास्टिक थ्रीडी प्रिंटरसाठी छान, पण ते सोसायटीच्या कंपोस्ट खड्ड्यात कुजत नाही. त्याला साठ अंशांच्या आसपास गरमी टिकवणारा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो. फ्लेक्सच्या बॅनरच्या पिशव्या शिवणं हा दर वर्षीचा ठरलेला प्रोजेक्ट. त्याने बॅनरचं आयुष्य काही महिन्यांनी वाढतं. मग पीव्हीसीचा थर दिलेलं ते कापड कोणी घेत नाही. करायचं तर करा, पण पोस्टरवर ‘झीरो वेस्ट’ लिहू नका.

बांबूबद्दल एवढंच की तो जितका स्वस्त दिसतो तितका सोपा नाही. कोकणातला मानगा आणि विदर्भातला मानवेल यांची जात, जाडी, वाकणं वेगळं. तीन वर्षांहून कोवळा बांबू वापरू नका, पावसाळ्यानंतर तोडलेला घ्या, बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणाची प्रक्रिया करून घ्या, नाहीतर आत साखर-पिठूळपणा असतो त्याला कीड लागतेच. खिळा थेट ठोकलात तर चिरतो. आधी भोक पाडा. बाकी बुरूडकाम करणाऱ्या माणसाजवळ दोन दिवस बसून कळेल ते लेखात सांगता येणार नाही.

८. देऊन या आणि निघून या

दहाव्या आठवड्यापर्यंत वस्तू प्रत्यक्ष वापरात असायला हवी, आणि तुम्ही तिथे नसताना. तुम्ही उभे असलात की तुमच्या समाधानासाठी लोक ती वापरतात. नव्याचे नऊ दिवस जाऊ द्या. मग अचानक जा आणि वस्तू कुठे आहे ते पाहा. वापरात असेल तर कुठे घासली, कुठे दोरी बांधली, कुठे चिंधी गुंडाळली ते पाहा. दांड्याला बांधलेली चिंधी म्हणजे दांडा हाताला टोचतोय. टोपलीला अडकवलेली जादा पिशवी म्हणजे एक कप्पा कमी पडतोय. या जोडण्या हीच तुमची पुढची ड्रॉइंग. कोपऱ्यात पडलेली असेल तरी रागावू नका. का पडली हे विचारण्याऐवजी त्या दिवशी काम कसं केलं ते विचारा.

दोन-तीन गोष्टी आधी आणि नंतर मोजा, फार नको. एका फेरीला लागणारा वेळ, उचल-ठेव किती वेळा, भिजून फुकट गेलेला पुठ्ठा किती किलो. ‘९० टक्के लोकांना आवडलं’ असलं काही लिहू नका. दहा जणांच्या गटात टक्केवारी काढण्यात काही अर्थ नसतो, ‘दहापैकी सात’ असंच लिहावं.

पैशांचं थोडक्यात. कॉलेजच्या बजेटमधला मोठा भाग पहिल्याच मॉडेलवर उडतो. तसं होऊ देऊ नका. निदान एक तृतीयांश रक्कम दुसऱ्या आवृत्तीसाठी आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. रोजी, रिक्षा, चहा यांचा हिशोब ठेवा आणि संस्थेला दाखवा.

९. ज्युरी आणि सोपवणं

जमलं तर ज्युरीला वापरणाऱ्या दोघीतिघींना बोलवा. येण्याचा खर्च आणि दिवसाची रोजी कॉलेजने द्यावी यासाठी विभागप्रमुखांना आठवडाभर आधी पत्र द्या. त्यांना बोलायला लावू नका, बोलल्या तर मध्ये तोंड घालू नका. आणि सादरीकरण मराठीत करायची परवानगी मागा; ज्युरीतला एखादा पाहुणा अमराठी असेल तर त्याला शेजारी बसून कोणीतरी समजावू शकतं.

पोर्टफोलिओत जे चाललं नाही तेही घाला. नोकरी देणारे दहा ‘इम्पॅक्ट’ पानं बघून कंटाळलेले असतात. तुमच्या गाडीचा दांडा दोनदा का बदलला हे वाचायला ते थांबतील. संस्थेचं नाव, फोटो, आकडे छापायच्या आधी त्यांना दाखवा. डिझाइन कोणाचं हेही लिहून ठरवा. कॉलेजचे बौद्धिक संपदेचे नियम असतात, ते सुरुवातीलाच वाचा; खुलं ठेवायचं असेल तर तसं लेखी मागून घ्या. शेडमध्ये कोणी मावशीने सुचवलेला बदल शेवटच्या ड्रॉइंगमध्ये असेल तर तिला विचारून श्रेयात तिचंही नाव घाला.

वस्तूबरोबर संस्थेला एक पान द्या, मराठीत, लॅमिनेट करून. त्यावर मापांसकट एक ड्रॉइंग, साहित्याची यादी, बेअरिंग आणि बोल्टचे नंबर, फॅब्रिकेटरचं दुकान, शेवटचा खर्च, आणि पहिल्यांदा काय मोडेल याचा तुमचा अंदाज. सोबत दोन जादा बेअरिंग आणि मूठभर नट-बोल्ट एका डब्यात. तो डबा कोणाकडे ठेवायचा हे त्याच बैठकीत विचारा, आणि पुढच्या बॅचच्या विद्यार्थ्यांना त्या संस्थेचा पत्ता देण्याआधी संस्थेची हरकत नाही ना, तेही.